न तोडलेले गुलाब

भाऊचं इंग्रजी गेलं, असं भाचीनं मला फोनवर सांगितलं तेव्हा मला काही उमगेना. हात जातो, पाय जातो, वाचा जाते, हे ऐकलं होतं. इंग्रजी कसं जाईल?

माझा भाऊ माझ्याहून दहा-अकरा वर्षांनी मोठा. तरुणपणी इंग्लंडला शिकायला गेला आणि तिकडचाच झाला. तिथंच नोकरी, तिथल्याच बाईशी लग्न, तिथंच दोन मुलं. उभं आयुष्य त्यानं इंग्रजीत काढलं. सत्तरीच्या आसपास त्याला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू लुळी पडली आणि बोलणं बंद झालं. दोन-तीन महिन्यांनी बोलणं परत आलं, पण ते घरात कुणालाच समजेना. डॉक्टर म्हणाले, हे नुसते आवाज आहेत, त्यात अर्थ शोधू नका. भाचीला मात्र शंका आली. तिनं मला फोन लावला आणि तो भाऊच्या तोंडाशी धरला.

"आत्या, ऐक," ती इंग्रजीत म्हणाली. 'आत्या' एवढा एकच मराठी शब्द तिला येत होता.

मी कान देऊन ऐकलं. भाऊ घोगऱ्या आवाजात म्हणत होता, "कामून उभी ऱ्हायली? पाणी दे ना उलीसं. लई तहान लागली."

"अगं, पाणी मागतोय तो!" मी फोनवर ओरडले. "पाणी! वॉटर!"

तिकडं धावपळ ऐकू आली. नळ सोडल्याचा आवाज, भांड्याचा आवाज. मग बराच वेळ कुणी फोनवर आलं नाही. शेवटी माझी इंग्रज वहिनी आली. ती रडत होती. सकाळपासून भाऊ तेच बोलत होता आणि तिनं त्याला कधी चादर दिली होती, कधी खिडकी उघडून दिली होती.

त्यानंतर मी जाणारच होते. माझे यजमान आदल्याच वर्षी गेले होते, शाळेतली नोकरी केव्हाच संपली होती. मुलानं तिकीट काढलं. चिकलठाण्याच्या विमानतळावरून मुंबईचं विमान उडालं तेव्हा मी खाली बघितलं नाही. त्या विमानतळाच्या अलीकडंच कुठंतरी आमचं वावर होतं. भाऊ परदेशी गेला त्याच सुमारास ते कारखान्यांच्या वसाहतीत गेलं.

*

भाऊनं मला ओळखलं नाही. म्हणजे ओळखलं, पण मला नाही.

मी आत गेले तेव्हा तो खिडकीजवळच्या खुर्चीत बसला होता. अंगात स्वेटर, दाढी केलेली, केस नीट विंचरलेले. वहिनीनं त्याला माझ्यासाठी तयार करून ठेवलं होतं. मी सुती लुगड्यासारखी साधी साडी नेसले होते आणि गार हवेमुळं पदर डोक्यावरून घेतला होता. भाऊ माझ्याकडं बघत राहिला. त्याचा चेहरा एका बाजूनं उजळला, दुसरी बाजू तशीच लोंबती राहिली.

"माय," तो म्हणाला. "कवा आलीस?"

आमची आई जाऊन तीस वर्षं झाली होती. ती गेली तेव्हा भाऊ येऊ शकला नव्हता. मी पुढं झाले, त्याच्या पायाशी बसले आणि म्हणाले, "आत्ताच आले."

"पोरगी कुठंय?"

पोरगी म्हणजे मी.  म्हटलं, "झोपलीय."

"बरं," तो म्हणाला आणि समाधानानं डोळे मिटून बसला.

मागं दारात वहिनी उभी होती. उंच, सडपातळ, पांढऱ्या केसांचा बॉयकट. ती हळू इंग्रजीत म्हणाली, "काय म्हणाला?" मी सांगितलं की तो मला आमची आई समजतोय.  ती म्हणाली, "तुला निदान कुणीतरी समजतोय."

त्या घरात मी उन्हाळाभर राहिले. भाऊचं मराठी हे माझं मराठी नव्हतं. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मुलांना 'नाय' नव्हे 'नाही' म्हणा, असं शिकवून म्हातारी झाले. भाऊच्या तोंडी आमच्या लहानपणचं घर जसंच्या तसं होतं. व्हय, नाय, वावर, हिर, कवाड. मधेच एखादा उर्दू शब्द, कारण निजामाच्या राज्यात त्याची पहिली शाळा उर्दूच होती. दिवसभर तो मागायचा ते मी वहिनीला सांगायची, आणि वहिनीचं त्याला. हळूहळू तिला मी काही शब्द शिकवले. पाणी. भूक. दुखतं का. थांब. तिच्या तोंडी 'भूक'चा 'बुक' व्हायचा, पण भाऊला कळायचं.

एक गोष्ट मात्र मी तिला पूर्ण सांगितली नाही. एके दिवशी ती त्याच्या पायाची नखं कापत होती. भाऊ माझ्याकडं झुकून हळूच म्हणाला, "माय, ही बाई लई चांगली हाय. पण हिला घरी जाऊ दे आता. तिच्या घरचे वाट बघत असतील."

वहिनीनं मान वर केली. "माझ्याबद्दल बोलला ना?"

"तू चांगली आहेस म्हणाला."

"आणि?"

मी खाली पडलेली नखं गोळा करू लागले. ती पुन्हा खाली वाकून नखं कापू लागली. "मी कोण आहे ते त्याला माहीत नाही," ती म्हणाली. "मला मराठी येत नसलं तरी तेवढं समजतं."

*

त्यांच्या गावात गुलाबांची एक जुनी सार्वजनिक बाग होती. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी गावच्याच लोकांनी केलेली. चारी बाजूंनी विटांची उंच भिंत, लोखंडी दार, आत वाफेच वाफे आणि प्रत्येक झाडाशी धातूच्या पट्टीवर त्या गुलाबाचं नाव. लोक लांबून बघायला यायचे. वहिनी म्हणाली, आजारी पडेपर्यंत भाऊ दर उन्हाळ्यात तिथं एकदा तरी जायचाच. एकटा जायचा. तिनं बरोबर येऊ का विचारलं तर म्हणायचा, पुढच्या वेळी. घरच्या बागेत मात्र त्यानं गुलाब कधी लावू दिला नाही. काटे लागतात, म्हणायचा.

"तिथं नेऊन बघू या," ती म्हणाली. "कदाचित काही आठवेल."

तिला वाटत होतं की बाग बघून त्याला ती आठवेल, तिथलं आयुष्य आठवेल. मलाही तसंच वाटलं. मी होकार दिला.

ती गुलाबाच्या बहराची अखेर होती. आभाळ भरून आलेलं, पण पाऊस नव्हता. बागेत पाच-सहा माणसं असतील. वहिनी चाकाची खुर्ची ढकलत होती, मी बाजूनं चालत होते. एवढे गुलाब मी कधी बघितले नव्हते. पिवळे, केशरी, पांढरे, काही तर जांभळट. पण निम्मी फुलं उमलून गेली होती. पाकळ्या वाफ्यांत, वाटेवर, गवतावर पडल्या होत्या आणि भिजून तपकिरी झाल्या होत्या.

भाऊ सुरुवातीला शांत होता. मग भिंतीलगतच्या एका वाफ्याशी आलो. तिथं जुन्या जातीचे गुलाब होते. फिक्या गुलाबी रंगाचे, विस्कटलेल्या पाकळ्यांचे, आणि वास असा की मी जागीच थांबले. आपल्याकडच्या गावठी गुलाबाचा वास. वहिनीनं खुर्ची थांबवली.

"हे काय?" भाऊ म्हणाला. आवाजात धसका होता. "ऊन चढलं की! फुलं कामून ठेवली तशीच? माय, दुरडी आण. लवकर आण."

इथं मला आमच्या गुलाबांबद्दल सांगायला हवं. आमच्या वडिलांना आम्ही अण्णा म्हणत असू. विहिरीजवळच्या अर्ध्या एकरात ते गावठी गुलाब लावायचे. पहाटे उठून घरादारानं फुलं तोडायची, कारण ऊन चढलं की पाकळी सैल होते आणि फुलाला गिऱ्हाईक मिळत नाही. शहरातून एक फूलवाले तांगा घेऊन यायचे. दुरड्यांवर ओलं गोणपाट टाकून फुलं न्यायचे, काही बाजारात विकायची, काही खुलताबादला दर्ग्यावर चढवायला जायची. भाऊ त्यांना चाचा म्हणायचा. ते त्याला 'छोटे पटेल' म्हणायचे आणि त्याच्यासाठी रेवड्या आणायचे. हे सगळं माझ्या जन्माआधीचं, मला आईनं सांगितलेलं. मी कळती झाले तेव्हा त्या अर्ध्या एकरात कापूस होता. गुलाबाला रोग पडला म्हणून अण्णांनी सगळी झाडं उपटून टाकली, एवढंच मला माहीत होतं.

"भाऊ, ही आपली फुलं नाहीत," मी म्हणाले.

पण त्यानं डावा हात लांब करून एक फूल खुडलं होतं. मग दुसरं. काट्यांची त्याला फिकीर नव्हती. तो फुलं माझ्याकडं देत होता आणि मी, काय करावं न सुचून, पदर पुढं धरला. लहानपणी कापूस वेचला तेव्हापासून हात तसाच पुढं होतो. वहिनी घाबरून म्हणाली, "त्याला थांबव, इथं फूल तोडायला बंदी आहे." मी त्याचा हात धरायला गेले तर त्यानं झटकला.

"तोड ना तू बी! उभी काय ऱ्हायली? तांगा येईल आता."

त्याच्या मनगटावरून रक्ताचा ओघळ आला. माझ्या पदरात दहा-बारा फुलं झाली होती. आजूबाजूची माणसं बघू लागली होती. एक म्हातारं जोडपं थांबून काहीतरी पुटपुटलं आणि पुढं गेलं. तेवढ्यात बागेचा राखणदार आला. तरुण माणूस होता. गडद हिरवा गणवेश, खांद्यावर पट्ट्या, कमरेला वायरलेस. तो काही उद्धटपणे बोलला नाही. सर, कृपा करून फुलं तोडू नका, एवढंच म्हणाला.

भाऊनं त्याच्याकडं बघितलं आणि त्याचा चेहरा राखेसारखा झाला. हातातलं फूल गळून पडलं. खुर्चीत तो अंग चोरून मागं सरकू लागला, चांगल्या हातानं त्यानं माझी साडी मुठीत धरली.

"शिपाई आला," तो कुजबुजला. "माय, मी नाय सांगितलं. कुणालाच नाय सांगितलं."

त्याच्या पँटवर ओल पसरत गेली. ती खुर्चीवरून वाटेवर ठिबकली. राखणदारानं नजर दुसरीकडं वळवली. वहिनी त्याला म्हणाली, "माझे पती आजारी आहेत," आणि स्वतःचा रेनकोट काढून तिनं भाऊच्या मांडीवर पांघरला. राखणदार माफी मागून निघून गेला. पदरातल्या फुलांचं काय करायचं ते त्यानं सांगितलं नाही. मी ती झाडाच्या बुडाशी ठेवून दिली.

वहिनी म्हणाली, गाडीतून कोरडे कपडे आणते. ती गेली. मी खुर्ची भिंतीच्या आडोशाला नेली आणि समोरच्या बाकावर बसले.

"काय सांगितलं नाहीस?" मी विचारलं. का विचारलं, कोण जाणे. त्याला शांत करायचं होतं. बोलून टाकलं की मन हलकं होईल, असं वाटलं असावं.

"अण्णा म्हणले, तुला बी सांगायचं नाय."

"मला सांग. मी कुणाला बोलणार नाही."

त्यानं दाराकडं बघितलं. मग सांगू लागला. अडखळत, मधेच थांबत, पण शब्द अगदी स्पष्ट होते.

निजामाचं राज्य बुडालं त्या पोलीस ॲक्शननंतरचे दिवस होते. तांगा तीन-चार दिवस आला नव्हता. फुलं झाडावरच गळत होती. अण्णा रोज भाऊला सडकेवर बघायला पाठवायचे, तांगा दिसतो का म्हणून. त्या सकाळी भाऊ सडकेनं जरा पुढं गेला, नाल्यापर्यंत.

"तांगा नाल्यात पडला व्हता, माय. घोडं नव्हतं. दुरड्या पाण्यात."

"आणि चाचा?"

"बाभळीखाली. पडले व्हते. लई रगत." तो थांबला. "हात हलत व्हता त्यांचा. मला बघितलं त्यांनी. पाणी म्हणले. मी पळालो."

मी त्याचा हात हातात घेतला. तो थंडगार होता.

"पळत जाऊन अण्णाला सांगितलं. म्हणलं, चाचा जित्ते हायेत, गाडी जुंपा. अण्णा उठले. कवाडापर्यंत गेले. मग भाईर बघितलं आन् कवाड लावून घेतलं. म्हणले, कुणाला बोललास तर आपल्याला बी मारतील. तुझ्या मायला सांगू नको, तिला राहवणार नाय, ती जाईल." तो माझ्याकडं बघत होता, आमच्या आईकडं बघत होता. "तू गेली असतीस ना, माय?"

 आई गेली असती का, मला माहीत नाही. पण तो उत्तराची वाट बघत होता.

"गेले असते," मी म्हणाले.

त्यानं मान खाली घातली. मला वाटलं होतं त्याला बरं वाटेल. तो रडू लागला, लहान मुलासारखा, तोंड उघडं टाकून. मी म्हणत राहिले की तू लहान होतास, तू काही केलं नाहीस. त्याला ते ऐकूच येत नव्हतं. वहिनी कपडे घेऊन आली तेव्हा तो तसाच रडत होता. तिनं कपडे बाकावर ठेवले, त्याचं डोकं छातीशी घेतलं आणि उभी राहिली.

*

घरी आल्यावर भाऊ झोपला. आम्ही दोघी स्वयंपाकघरात बसलो. वहिनीनं चहा केला होता, पण कुणी प्यायलं नाही.

"मला सगळं सांग," ती म्हणाली.

मी त्याला वचन दिलं होतं. पण ते आईच्या नावानं दिलं होतं आणि समोर त्याची बायको बसली होती. माझ्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत मी सांगितलं. निजामाचं राज्य काय, पोलीस ॲक्शन काय, आधी कुणी कुणाला मारलं आणि नंतर कुणी कुणाला, हे तिला कसं समजवायचं ते मला येत नव्हतं. शेवटी मी एवढंच म्हणाले की दंगलीचे दिवस होते आणि तो माणूस मुसलमान होता.

"तुमचे वडील गेले नाहीत?"

"नाही."

"आणि तो माणूस?"

"माहीत नाही."

ती टेबलाकडं बघत राहिली. "दर वर्षी त्या बागेतून आला की दोन दिवस बोलायचा नाही," ती म्हणाली. "मला वाटायचं, देशाची आठवण येते. मी म्हणायची, जाऊन ये ना. तर रागवायचा." मग म्हणाली, "मला सांगता आलं असतं त्याला. मी त्या देशातलीही नव्हते. मला तरी सांगायचं होतं."

 मी अण्णांचा विचार करत होते. माझे अण्णा कमी बोलणारे, मला खांद्यावर घेऊन वावरात हिंडणारे. त्यांनी कधी माझ्यावर हात उगारला नाही. रात्री दाराला कडी लागली का, हे ते पुन्हा पुन्हा उठून बघायचे, मी त्यावर हसायची. आई म्हणायची, सवय आहे त्यांची. त्यांच्या जागी दुसरं कुणी काय केलं असतं, ते मी सांगू शकत नाही. घरात बायको होती, आठ वर्षांचं पोर होतं, बाहेर माणसं हत्यारं घेऊन फिरत होती. हे सगळं मी स्वतःशी म्हणून बघितलं. म्हणून झालं की पुन्हा तो पाणी मागणारा माणूस समोर यायचा.

भाऊ त्यानंतर फारसा बोलला नाही. मागायचा तेवढंच मागायचा. मला माय म्हणायचंही त्यानं बंद केलं. मी जवळ गेले की तो डोळे मिटून घ्यायचा. झोपेचं सोंग आहे, हे मला कळायचं. तो मला घाबरत होता की त्याला माझ्यापुढं लाज वाटत होती, सांगता येत नाही. निघायच्या दिवशी मी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. त्यानं डोळे उघडले नाहीत.

*

परत आल्यावर मी एक दिवस शहरातल्या फुलांच्या बाजारात गेले. मनात होतं की चाचांच्या घरचं कुणी सापडलं, चाचा वाचले होते असं कळलं, तर फोनवरून भाऊच्या कानात सांगेन. ते वाचले असते तर पुन्हा फुलं न्यायला आले असते, हे मला समजत होतं. तरी गेले.

ओळीनं दुकानं होती. हार, गजरे, बादल्यांत भिजत घातलेले गुलाब. एका दुकानात माझ्याच वयाचे एक गृहस्थ सुई-दोरा घेऊन बसले होते. पांढरी दाढी, डोक्यावर टोपी. दुकान वडिलांपासूनचं, म्हणाले. मी सांगितलं की पोलीस ॲक्शनच्या आधी एक फूलवाले चिकलठाण्याहून आमच्या वडिलांकडून फुलं न्यायचे, तांग्यानं.

"नाम क्या था उनका?" त्यांनी विचारलं.

मला नाव माहीत नव्हतं. आई त्यांना फूलवाले म्हणायची, भाऊ चाचा म्हणायचा. नाव अण्णांना माहीत असणार.

"तांगेवाले तो बहोत थे अम्मा," ते म्हणाले. "उन दिनों में बहोत लोगां गए. कुछ पाकिस्तान गए, कुछ का पता ही नै चला. मेरे खुद के मामू का पता नै चला. नाम बोलो तो किसी को पूछता मैं."

मी म्हणाले, नाव नाही माझ्याकडं.

"कायकू ढूंढ रे आप?"

 त्यांचे मामू कुठल्या सडकेनं गेले होते, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. ते कदाचित तेच असतील, कदाचित नसतील. "असंच," मी म्हणाले. त्यांनी मान हलवली आणि दोऱ्यात फूल ओवलं. मी निघाले.

भाऊ त्याच थंडीत गेला. झोपेत गेला, असं वहिनीनं फोनवर सांगितलं. त्रास झाला नाही, म्हणाली. मुलांना ती गोष्ट सांगू का, असं तिनं मला विचारलं. मी म्हटलं, सांग. माझ्या मुलाला मी सांगितलीच होती. तो बराच वेळ ऐकत होता आणि शेवटी म्हणाला, "आई, हे आजोबांबद्दल मला कळायलाच हवं होतं का?" तो चांगला मुलगा आहे. रागानं म्हणाला नाही.

एकदा मी रिक्षा करून जालना रोडनं चिकलठाण्याला गेले. रिक्षावाल्याला म्हटलं, इथं कुठं नाला आहे का, जुना. तो म्हणाला, असतील खाली पाइप टाकलेले, आता काय कळतंय. कारखान्यांच्या भिंती होत्या, गोदामं होती, नवी घरं उठत होती. बाभळ तर कुठंच दिसली नाही. मी दोनदा रिक्षा थांबवून उतरले आणि दोन्ही वेळा रस्त्याच्या कडेला उगीच उभी राहिले. कुठल्या बाजूला बघायचं तेही मला माहीत नव्हतं. ती जागा फक्त भाऊला दाखवता आली असती. ट्रकांची धूळ उडत होती. रिक्षावाल्यानं विचारलं, "अजून फुडं जायचं का मावशी?"

"नाही," मी म्हणाले. "परत चल."